कृपा चर्चबाहेर सापडते का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की देवाची कृपा, म्हणजे न कमावता मिळणारं त्याचं देणं, ही चर्चच्या दारात चपलांसारखी काढून ठेवायची गोष्ट नाही, ती बाहेर बाजारात, गाडीत, घरातही चालूच असते. त्यावर वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, दोघातिघांनी तर फोन करून झापलंच. त्यातली चार इथे घेतलीत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

ताई, मी वसईहून अंधेरीला जाते, आयटीत आहे. सकाळी लोकल, रात्री साडेनऊला घरी, जेवण, मग मोबाइलवर सिरीज आणि झोप. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, पण तुम्ही म्हणता ती कृपा मला सोम ते शनि कुठे दिसतच नाही. उलट एखाद्या सिरीजमध्ये खुनी माणूस शेवटी रडतो, त्याला माफी मिळते, तेव्हा चर्चपेक्षा जास्त भरून येतं. हे चुकतंय का माझं?

चुकतंय कसलं. तुझ्यासारखाच एकजण होता, इग्नेशियस लोयोला, जेजुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक. पण तेव्हा तो संत वगैरे काही नव्हता, चांगला छानछोकी शिपाईगडी होता. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय फुटला आणि महिनोन्महिने अंथरुणात पडून राहायची वेळ आली. वेळ जाईना म्हणून त्याने सरदारांच्या शौर्याच्या, प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात तसलं एकही पुस्तक नव्हतं, होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग काय, कधी तो एका बड्या घरच्या बाईची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगायची. बघताना दोन्ही गोडच वाटायची, पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडतं आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ बरं वाटत राहतं. त्याच्या पुढच्या सगळ्या शिकवणीचं मूळ इथे आहे. सिरीज ख्रिस्ती आहे की नाही हे तू बघूच नकोस, मोबाइल बंद केल्यावर तुझ्यात काय उरलं ते बघ.

आता रडणाऱ्या खुन्याचं. बायबलमध्ये, लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात, जक्कय आहे ना, यरीहोचा जकातदार, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. त्याने सुधारायचं काही नावही काढलेलं नसतं आणि येशू त्याला म्हणतो, खाली उतर, आज मुक्काम तुझ्याकडे. कृपा आधी मिळते ती ही अशी, न मागता. पण जक्कय मग पाहुणचार करून गप्प बसत नाही, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. तुझ्या सिरीजच्या शेवटच्या एपिसोडमध्ये हे चौपटवालं कुठे होतं का? ज्या घरातला माणूस मारला ते लोक तरी पडद्यावर होते का, की नुसतं व्हायोलिन? जर्मनीचे पास्टर डीट्रिख बोनहोफर, ज्यांना हिटलरच्या राजवटीने एप्रिल 1945 मध्ये फाशी दिली, ते असल्या बदल न मागणाऱ्या माफीला स्वस्त कृपा म्हणायचे आणि ती चर्चमध्येही भरपूर चालते असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे दोष फक्त वेब सिरीजवाल्यांचा नाही.

आणि सोम ते शनि काय करायचं विचारशील तर, लोयोलाच्या परंपरेत रात्री मागे वळून दिवस बघायची सवय आहे. परतीच्या गाडीत भाईंदर सुटलं, खाडीचा पूल लागला, की कानातलं काढ आणि एवढंच आठव की आज मला असं काय मिळालं जे मी कमावलेलं नव्हतं. लेडीज डब्यात पोट दुखतंय म्हणून वाकून उभी राहिलेल्या पोरीला एखादी कोळीण न बोलता आपली सीट देते आणि स्वतः विरारपर्यंत दांडीला लटकत जाते, त्या पोरीने त्या सीटसाठी काय केलेलं असतं? काही नाही. असलं रोज बघत असशील तू, फक्त मोजत नसशील.

ताई, धाकटा भाऊ बोटीवर होता. पैसे पाठवले ते नावाला, बाकी सगळे दारूत. बाबांच्या मयतालाही आला नाही. आता नोकरी गेली, लिव्हर खराब, बायको माहेरी, म्हणून घरी परत. आईने कोंबडा कापला, वडे केले, पुढची खोली दिली. बाबांची औषधं मी केली, कर्ज मी फेडलं, बहिणीचं लग्न मी केलं, काजूची बाग मी जगवली. चर्चमध्ये उधळ्या पुत्राचा दाखला वाचतात तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. आता आई म्हणते अर्धी बाग त्याच्या नावावर कर. ही जर कृपा तर माका ती नको. (वेंगुर्ला)

दादा, ज्यांना दाखला ठाऊक नाही त्यांच्यासाठी: धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेऊन उधळतो, कफल्लक होऊन परततो, बाप मेजवानी देतो आणि घरी राबलेला थोरला चिडतो. तुमचा राग मला पटतो, आणि गंमत म्हणजे लूकलाही पटत असावा, कारण थोरल्याची तक्रार त्याने पूर्ण छापलीये, एक शब्द गाळला नाही. इतकी वर्षं राबलो, मला कधी साधं करडूसुद्धा दिलं नाही. पंधराव्या अध्यायाची सुरुवात परत काढून वाचा, येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परुशी आणि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे कडक धर्म पाळणारे आणि धर्मशास्त्राचे जाणकार, कुरकुरत होते, त्यांना ही गोष्ट सांगितलीये. म्हणजे ती मुळात थोरल्यांसाठीच आहे, धाकट्याचं फक्त नाव झालंय.

पण प्रवचनात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वाटणी आधीच झालेली असते. धाकटा आपला हिस्सा घेऊन जातो, उडवतो, परत येतो तेव्हा त्याला झगा मिळतो, अंगठी मिळते, पायात जोडे मिळतात, जेवण मिळतं. दुसरा हिस्सा मिळत नाही. उलट बाप थोरल्याला सांगतो, माझं आहे ते सगळं तुझंच. हां, आता ते पोसलेलं वासरू थोरल्याच्याच वाट्यातलं कापलं गेलं असणार आणि त्याला कुणी विचारलंही नाही, तो बिचारा शेतावरून येताना गाण्याचा आवाज ऐकून नोकराला विचारतो की काय चाललंय. इथे बाप चुकलाच असं माझं मत आहे, फादर लोकांनी रागवायचं तर रागवा. एक पोरगं शेतावर धाडून निरोप देता आला असता. पण पुढे तोच बाप जेवण टाकून अंगणात येतो आणि थोरल्याची मनधरणी करतो, हेही तितकंच खरं.

म्हणून तुमच्या घरातले दोन हिशेब वेगळे करा. कोंबडा, वडे, पुढची खोली, डॉक्टर, यावरून आईशी भांडू नका, तेवढं तिला करू द्या, लेकरू जिवंत परत आलंय तिचं. बागेचं मात्र कृपेने ठरत नाही, कायद्याने ठरतं. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाग बाबांच्या नावावर होती आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर एक तृतीयांश आईचं आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं. म्हणजे भावाचा हिस्सा आहेच, तो प्यायला म्हणून जात नाही, पण तो अर्धा नाही. कारण मुलांमध्ये मुलगीही आली. तुमच्या पत्रात बहीण फक्त लग्नाच्या खर्चात सापडते, वाटणीत नाही, हे जरा बघा. फेडलेल्या कर्जाच्या पावत्या काढून वकिलाला दाखवा, मग सगळ्यांना समोर बसवून बोला आणि सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. तोंडी काही नको.

आणि भावाच्या हातात सध्या रोख रक्कम नको. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा असतात, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकत्र जमून एकमेकांना आधार देतात, कुठे भरतात ते पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, विचारा. तिथे फी नसते आणि पहिलीच पायरी म्हणजे हे माझ्याने एकट्याने होत नाही असं कबूल करणं. धर्म कुठला विचारत नाहीत. मला विचाराल तर आजच्या काळात कृपेचा इतका सरळ व्यवहार दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतो. त्याला पहिल्यांदा सोडायला तुम्ही स्वतः गेलात तर बरं, पण मन नसेल तर आईवर उपकार म्हणून जाऊ नका, बहिणीच्या नवऱ्याला पाठवा.

आमच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पोरांनी टाळ-मृदंग घेऊन अभंगाच्या चालीवर गाणी म्हटली. जुनी माणसं म्हणतात हे आपलं नव्हे. (सावंतवाडी)

कुणाचं मग? थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट 1579 मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि अख्खं ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे अभंग लिहिले, कीर्तनं केली. कृपा माणसाचा मूळ स्वभाव पुसत नाही, पूर्णत्वाला नेते, हे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंताने लिहून ठेवलंय, तेव्हा मृदंग वाजू द्या. फक्त पोरांना सांगा स्पीकर जरा कमी करा, म्हाताऱ्यांची अर्धी तक्रार तीच असणार.

नवीन गाडी घेतली, फोटोखाली हॅशटॅग ब्लेस्ड लिहिलं. मेहुणी म्हणाली हा माज आहे. खरंच का? (रत्नागिरी)

गाडीवर फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलंत तर त्यात काही वावगं नाही, माझ्या स्कूटरवरही शिंपडलंय. पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने धन्य, म्हणजेच ब्लेस्ड, कुणाला म्हटलंय ती यादी बघा, दीन, शोक करणारे, सौम्य, छळ सोसणारे. त्यात ईएमआयवाला कुणी नाही. ज्याच्या घरी गाडी आली नाही त्याच्यावर देव रुसलाय असा अर्थ त्या हॅशटॅगमधून निघतो, आणि पाऊस तर तो नीतिमान-अनीतिमान दोघांवरही पाडतो असं त्याच अध्यायात आहे. आपल्या कोकणात तर जरा जास्तच पाडतो. फोटो राहू द्या, हॅशटॅग काढा, आणि मेहुणीला एकदा गणपतीपुळ्यापर्यंत फिरवून आणा, तिचा राग बहुतेक त्याचाच आहे.