बाल्कनीतल्या ट्यूबखाली जमणारे ते 'डास' बहुधा डास नाहीत

नदीकाठी राहता, अंधार पडला की ट्यूबभोवती डासांसारखे शेकडो किडे जमतात, चावत नाहीत आणि सकाळी फरशीवर त्यांचा ढीग पडलेला असतो; यापासून डेंग्यू होईल का, असं विचारलंय तुम्ही. वर्णनावरून ही कायरोनोमिड कुळातली न चावणारी चिलटं वाटतात. त्यांच्यापासून डेंग्यू होत नाही.

खात्री घरीच करा. भिंतीवर बसलेल्या एकावर काचेचा ग्लास पालथा घाला आणि मोबाइलने झूम करून फोटो काढा. मी आधी पाय बघतो. डास बसताना बहुधा मागचे पाय उचलतो, हे चिलट पुढचे दोन उचलून धरतं. मग तोंड बघा: डासाची लांब सोंड इथे नसते. पंखही बहुधा पोटापेक्षा आखूड. डोक्यावरच्या पिसांच्या झुबक्यावर मात्र जाऊ नका, तो डासांच्या नरालाही असतो.

यांच्या अळ्या सांडपाण्याच्या गाळात मजेत वाढतात. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे बऱ्याच जातींच्या अळ्या लाल दिसतात आणि प्राणवायू नसल्यासारख्या पाण्यातही तग धरतात. माशांचं खाद्य म्हणून 'ब्लडवर्म' विकतात, ते हेच. पुण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर किड्यांचे उंच खांब दिसले होते. 'डासांचं वादळ' म्हणून ते व्हिडिओ घरोघरी फिरले. माझ्या मते ते याच चिलटांच्या नरांचे थवे असावेत. नदी तशीच राहिली तर थवेही राहणार, तिथे सोसायटीच्या धुरळणीने काय होणार!

चावत असतील तर गोष्ट वेगळी. एक ते तीन मिलिमीटरचं, पंखांवर ठिपके असलेलं आणि गोठ्याजवळ सापडणारं ते क्युलिकॉइड्स. अंग केसाळ, पंख इंग्रजी व्हीसारखे उभे आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्या जास्त, तर सँडफ्लाय. तिला हलक्यात घेऊ नका, १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू तीच पसरवते. भातशेती जवळ असेल तर दिव्यावरचे हिरवे, उड्या मारणारे किडे म्हणजे तुडतुडे.

तुमच्याकडे पांढऱ्या ट्यूबऐवजी पिवळा बल्ब लावा, आणि दिवेलागणीनंतरचे दोनेक तास तोही बंद ठेवून बघा. सकाळचा ढीग कोरड्या झाडूने उडवू नका. त्या भुकटीने काहींना दमा उठतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्या.