सरांना कसं सांगू की मला जुडो शिकायचंय?

प्रश्न: ताई नमस्कार. मी सहावीत असल्यापासून भांडुपला एकाच सरांकडे कराटे शिकतोय, क्लास म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये भरतो. आता नोकरी लागली, ब्लॅक बेल्टही झालो, लहान मुलांची बॅच मीच घेतो. हल्ली दादरला ऑफिसजवळ जुडोचा क्लास बघितला आणि जाम आवडला. पण घरचे म्हणतात सरांना वाईट वाटेल. एक सीनियर तर म्हणाला एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मधली काही वर्षं सरांनी माझ्याकडून फी पण घेतली नव्हती. काय करू? (भांडुपचा एक वाचक)

उत्तर: जा. आधी सरांना सांग आणि मग जा. खरं तर उत्तर एवढंच आहे, पण तुझ्या सीनियरने तलवारी काढल्याच आहेत तर थोडं बोलते.

क्लासच्या भिंतीवर ज्यांचे फोटो लावून आपण वाकतो ना, त्यातले बरेचसे एका गुरूवर थांबलेले नाहीत. आधुनिक कराटेचे जनक म्हणतात त्या फुनाकोशींचंच घे. जपानच्या ओकिनावा बेटावर ते आसातो आणि इतोसू अशा दोघांकडे शिकले, दिवसा शाळेत मास्तरकी आणि रात्री कंदील घेऊन आसातोंच्या घरी चालत जायचं, तिथे एकच काता, म्हणजे ठरलेल्या डावांची साखळी, महिनोन्महिने, बास म्हणेपर्यंत पुढचा मागायचा नाही. एवढं कडक प्रकरण, पण हेच दोघं त्यांना ओळखीच्या दुसऱ्या मास्तरांकडे पाठवायचे, की ह्याचं हे चांगलं आहे, ते ह्याच्याकडून घे. कराटेतलेच दुसरे मास्तर माबुनी, त्यांनी तर इतोसू आणि हिगाओन्ना ह्या दोन्ही गुरूंच्या नावातली अक्षरं घेऊन, जपानीत त्यांचा वेगळा उच्चार करून, शितो-र्यू हे शैलीचं नाव ठेवलं. राहिल्या की दोन तलवारी!

आणि तू ज्या जुडोकडे चाललायस ते तीन गुरूंच्या हाताखालून गेलेल्या माणसाने उभं केलंय. कानो जिगोरो पहिल्यांदा फुकुदांकडे गेले, तिथे रांदोरीवर भर, म्हणजे मोकळी झुंज, डाव कसा लागतो विचारलं की समजावणं वगैरे नाही, परत परत आपटायचे, कळेल आपोआप. १८७९ मध्ये फुकुदा वारले, मग इसोंकडे काता घोटून झाला, १८८१ मध्ये तेही गेले, मग कितो-र्यू ह्या जुन्या जुजुत्सू शैलीच्या इकुबोंकडे फेकायचे डाव. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत कोदोकान हे जुडोचं पहिलं केंद्र सुरू केलं तेव्हा कानो पंचविशीचेही नव्हते. ह्या तिघांतला एक जरी वजा केला तरी जुडो आजच्यासारखं झालं असतं असं मला वाटत नाही.

लांब कशाला, आपले खाशाबा जाधव. पहिले वस्ताद घरातच, वडील, आणि सगळी कुस्ती मातीतली. १९४८ ला लंडनला मॅटवर खेळायचं होतं, तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानाने तयारी करून घेतली, सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. मातीतलं काही वाया गेलं नाही, पण मॅटचं मॅटवाल्याकडूनच घ्यावं लागलं. म्हणून खाशाबांनी वडिलांना सोडलं असं कोणी म्हणतं का?

आता तुझ्या सरांचं. पहिल्या सरांचं देणं वेगळंच असतं, ते फिटत बिटत नाही, त्या नादाला लागूच नकोस. माझे पहिले सर गिरगावात चाळीच्या गच्चीवर शिकवायचे. झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा पाय वाकवून लांब उभं राहायचं, त्यात मागची टाच सगळ्यांचीच उचलते, तर सर गुपचूप मागून येऊन टाचेखाली बसचं तिकीट सरकवायचे आणि पंच मारायला लावून ते ओढायचे. तिकीट हातात आलं की परत पहिल्यापासून, ओरडा नाही की काही नाही. नंतर बऱ्याच जणांकडे शिकले, पण अजूनही पंच मारताना मला टाचेखाली ते तिकीट जाणवतं. आता ह्याच सरांकडे पडायला मात्र शिकवत नव्हते, सिमेंटच्या गच्चीवर कोण उकेमी घेणार! ते मी चाळिशीत जुडोवाल्यांकडून घेतलं, आणि परवाच्या पावसाळ्यात प्लॅटफॉर्मवर घसरले तेव्हा हनुवटी छातीला आणि हात जमिनीवर आपोआप गेला. डोकं वाचलं, साडी नाही वाचली.

सांगताना क्लास संपल्यावर एकटे असताना सांग, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. आणि परवानगी मागितल्यासारखं नको, सल्ला विचार, की सर, तिकडे जाऊन मी काय काय बघू? लहान मुलांची बॅच लगेच टाकू नकोस. दादरला पांढरा बेल्ट बांधून उभा राहा आणि "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य घरी ठेवून जा. सुरुवातीला तुझ्या त्या लांब स्टान्सचा पुढचा पाय कोणीही झाडून नेईल, दे-आशी-बाराई म्हणतात त्याला, वैतागू नकोस.

सर रागावले तर चार दिवस रागावू देत. ग्रेडिंग आणि सर्टिफिकेटच्या जोरावर पोरं बांधून ठेवणारे मुंबईत आहेत, पण ज्यांनी फी सोडली ते त्यातले नसावेत. उद्या म्हणालेच की तिकडे गेलास तर इथे पाय ठेवू नकोस, तरी गुरुपौर्णिमेला जायचंच, दार उघडतील न उघडतील.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची आहे, घाटकोपरला घराजवळ कराटेचे तीन क्लास आहेत. सर कसे निवडायचे? ट्रॉफी तर सगळीकडेच आहेत. (एक आई)

उत्तर: ट्रॉफीकडे बघूच नका. प्रत्येक ठिकाणी एक अख्खा क्लास मागे बसून बघा, बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. सरांचं लक्ष शेवटच्या रांगेतल्या अडखळणाऱ्या पोराकडे जातंय का, की पुढच्या दोन स्टार मुलांकडेच? मोठी झालेली जुनी मुलं अजून येतात का, हे तर नक्की विचारा. सहा महिन्यांत तीन बेल्ट देतो म्हणणाऱ्याकडे नको. आणि गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, लगेच महागातला घेऊ नका, सुरुवातीला शाळेच्या ट्रॅक पँटवर भागतं.