रूट कॅनॉल होऊनही वरची दाढ दुखत असेल, तर ती काढूनच टाकावी का?

आपण लिहिता की वरच्या पहिल्या दाढेचे रूट कॅनॉल होऊन वर्ष उलटले तरी चावताना ठणका लागतो, आणि डॉक्टर एक्स-रे पाहून ‘काम उत्तम झाले आहे, आता दाढच काढा’ असे म्हणतात. या निर्वाळ्यावर माझा विश्वास नाही. या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात बहुधा दोन नलिका (मुळातले नसेचे बारीक मार्ग) असतात आणि साध्या एक्स-रेत त्या एकीमागे एक लपतात, त्यामुळे एखादी साफ व्हायची राहून जाऊ शकते.

इंदूरमध्ये एका ज्येष्ठ दंतवैद्यांकडे मी उमेदवारी करीत असताना ‘मुळे तीन, नलिका तीन’ हा तेथला दंडक होता आणि चौथी शोधणाऱ्याला, म्हणजे मला, रुग्णांदेखत टोमणे ऐकावे लागत. पुढे माझ्या स्वतःच्या दवाखान्यात रामबागेतल्या एक काकू आल्या, त्या इंदूरच्या त्याच दंतवैद्यांकडे उपचार झालेली दाढ घेऊन. तिन्ही नलिका टोकापर्यंत नीट भरलेल्या होत्या, हे मान्य करायला हवे. जुने भरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पुढच्या नलिकेच्या मुखापासून टाळूकडे जाणारी एक बारीक खाच फिकट डेन्टिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) कडेखाली दडलेली दिसली. ती कड अल्ट्रासॉनिक टोकाने हलकेच उतरवून पोकळीत सोडियम हायपोक्लोराइट हे ऊतक विरघळवणारे द्रावण भरल्यावर एकाच ठिपक्यातून बुडबुडे येऊ लागले, म्हणजे आत ऊतक शिल्लक होते. आठ नंबरची फाइल, म्हणजे नलिका साफ करायची बारीक सुई, जिचे टोक अवघे ०.०८ मिलिमीटर असते, तेथे अडखळत का होईना पण शिरली. काकू आता त्याच बाजूने शेव खातात.

‘आमच्या काळी हे शिकवत नसत’ हा बचाव मला पटत नाही. दंतसंशोधक वाइन यांचा याच मुळावरचा अभ्यास १९६९ चा आहे आणि व्हर्टुची यांनी नलिकांच्या रचनेचे आठ प्रकार १९८४ मध्ये मांडले.

तेव्हा दाढ तूर्त काढू नये. तेवढ्या भागाचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) करून घ्यावा आणि पुन्हा रूट कॅनॉल करायचे झाल्यास सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या एंडोडॉन्टिस्टकडेच (रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडेच) करावे. अर्थात दुखणे राहिलेल्या नलिकेचेच असेल असे नाही, कारण सायनसच्या सुजेनेही वरच्या दाढा ठणकतात, आणि सीबीसीटीतही जुन्या भरणाच्या सावल्या पडून बारीक गोष्टी झाकल्या जातात. मुळाला उभी चीर गेलेली आढळली, तर मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला मलाही मान्य करावा लागेल.