दाखल्याची घाई नको, डॉक्टरांची करा

पत्र (१५ जानेवारी): माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. अभ्यासात हुशार. गेल्या आठवड्यात कळलं की तिला दिवस गेलेत. घरी दोनदा टेस्ट केली. शेवटची पाळी १२ नोव्हेंबरला आली होती, डिसेंबरची चुकली, म्हणजे जेमतेम महिना झाला असेल. तिचे वडील परगावी नोकरीला असतात, फेब्रुवारीअखेर येतील. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते आले की डॉक्टरांकडे जाऊ. पण शाळेत कुणकुण लागायच्या आत दाखला काढून घ्यावा म्हणते. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आता घरी बसून कोणता कोर्स करता येईल? – एक आई

ताई,

कोर्सबद्दल लिहिणारच आहे. पण तुम्ही दोन कामांची अदलाबदल केली आहे, ती आधी सरळ करू. जे थांबू शकतं ते तुम्ही याच आठवड्यात उरकायला निघालात, आणि जे थांबत नाही ते दीड महिना पुढे ढकललंत.

गर्भाचे आठवडे पाळी चुकल्यापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे तुमचा 'जेमतेम महिना' डॉक्टरांच्या हिशेबात आज ९ आठवडे आणि १ दिवस होतो. फेब्रुवारीच्या २८ तारखेला तो १५ आठवड्यांच्या पुढे गेलेला असेल. या वयात पाळी पुष्कळदा अनियमित असते, म्हणून तारखेवर विसंबू नका. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी वय सर्वांत अचूक सांगते. गर्भपाताबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे, पण जिथे मुभा आहे तिथे ती बहुतेक आठवड्यांतच मोजलेली असते, आणि जितकं लवकर तितकं ते सोपं आणि सुरक्षित. मूल ठेवायचं ठरलं तरी पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निर्णय काहीही होवो, वडिलांची वाट बघणं परवडणारं नाही. त्यांना फोनवर सांगा किंवा नंतर सांगा, ते तुम्ही ठरवा. पण या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

तोवर कुणाच्या सांगण्यावरून कुठलीही गोळी, काढा देऊ नका. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजलेला असला तर ते फक्त तपासणीतच कळतं, आणि तिथे गोळीच्या भरवशावर राहणं जिवावर बेतू शकतं. पोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव, चक्कर यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

तिथे थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. तुम्हाला बाहेर बसवलं तर राग मानू नका. हे तिच्या मनाने झालं की जबरदस्तीने, समोरचा तिच्या वयाचा की मोठा, ओळखीतला की घरातला, हे ती कदाचित तुमच्यासमोर बोलणार नाही. मुलगी कायद्याने लहान असल्यामुळे काही ठिकाणी डॉक्टरांना पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावंच लागतं. नियम काय आहे ते आधीच विचारून घ्या, म्हणजे ऐन वेळी धक्का बसणार नाही. मात्र त्या भीतीपोटी जाणं टाळू नका.

आता दाखला. काढू नका. कावीळ होऊन वर्ष बुडालेल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, त्यातला एकही दाखला काढून आलेला मला आठवत नाही. पुढच्या वर्षी बसेल, असं म्हणतात. इथे मात्र आठवड्याभरात आयुष्याचा कोर्स बदलायला निघतो आपण. हे फक्त आपल्या मनातच असतं असं नाही. सिएरा लिओनमध्ये गरोदर मुलींना शाळेत बसायला सरकारचीच बंदी होती, ती मार्च २०२० मध्ये उठली. टांझानियाने बाळंतपणानंतर शाळेत परतायची वाट नोव्हेंबर २०२१ मध्ये मोकळी केली. झांबियात परतीचं धोरण १९९७ पासून आहे. सरकारांनी शिकायला इतकी वर्षं घेतली, तर घाबरलेल्या आईला मी काय बोल लावणार!

तिच्यापुढे वाटा तीन आहेत: गर्भपात, मूल वाढवणं, किंवा जन्मानंतर कायदेशीर दत्तक देणं. कुठली, हे मी सांगणार नाही. तुम्हीही तिच्या वतीने ठरवून टाकू नका. शाळेपुरतं सांगते. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपात झाला तर बहुतेक मुली थोड्या दिवसांत वर्गात बसू शकतात. गर्भ ठेवला तर १२ नोव्हेंबरवरून प्रसूतीची अंदाजे तारीख १९ ऑगस्ट येते. म्हणजे हे वर्ष बहुधा पुरं होईल आणि खाडा पडेल तो पुढच्या वर्षात. या वयात रक्त कमी असणं, रक्तदाब वाढणं, दिवस भरायच्या आत प्रसूती होणं यांचा धोका जास्त, त्यामुळे तपासण्या चुकवून चालणार नाहीत. शाळेत एकाच विश्वासू व्यक्तीला सांगा, हजेरीची आणि परीक्षेची सवलत लेखी मागा. गावभर सांगायची गरज नाही.

आणि तो कोर्स. सायन्स सोडवून घरबसल्या काही तरी चिकटवायला माझा विरोध आहे. प्रॅक्टिकल एकदा सुटलं की मेडिकलकडे परत वळणं फार अवघड. डॉक्टर होऊन स्वतःच्या पायावर उभं राहायला दहाएक वर्षं जातात, त्यात एक वर्ष वाढलं तर वाढलं. 'व्हायचं होतं' असं तुम्ही लिहिलंत. हा भूतकाळ तिने वापरला की तुम्ही?

कारण तुमच्या पत्रात शाळा आहे, वडील आहेत, तुमची भीती आहे. तिला काय हवंय, ती जेवते का, झोपते का, याबद्दल एक ओळ नाही. आज रात्री तिच्याजवळ बसा. जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. 'हो' म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडून आलात की मला पुन्हा लिहा. त्या पत्रात चार ओळी तिच्या हातच्या असू द्या.