१२ ऑक्टोबरला मुंबई सोडलीत, तरी त्या वर्षी बहुधा तुम्ही रहिवासीच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत अंधेरीत नोकरी, १२ ऑक्टोबरला म्युनिकला रवाना, तिथे पगार सुरू, मुलुंडचा फ्लॅट भाड्याने. ओळखीचे सगळे सांगताहेत, 'आता तू एनआरआय, इथला सहा महिन्यांचा पगार दाखव आणि मोकळा हो.' तसं करायचं का?

नका करू. याच समजुतीपायी खूप जणांची रिटर्न्स चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपला प्राप्तिकर कायदा वर्षाचे दोन तुकडे पाडत नाही. ब्रिटनमध्ये तशी सोय आहे, आपल्याकडे नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या अख्ख्या वर्षाला तुमचा दर्जा एकच, रहिवासी किंवा अनिवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला मर्यादा १८२ दिवसांची आहे. तेवढे किंवा त्याहून जास्त दिवस भारतात काढले असतील तर रहिवासी. १ एप्रिलपासून सलग मोजलं की १८२वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. निघायच्या दिवसावरून वाद झालेले आहेत, पण तो धरूनच चाला. १२ ऑक्टोबरपर्यंत तुमचे होतात १९५ दिवस.

आता पासपोर्ट उघडा आणि खरंच मोजा. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाने किंवा सहलीला बाहेर गेला होतात का? पूर्ण १४ दिवस बाहेर निघाले तर आकडा १८१ वर येतो आणि सगळं चित्रच पालटतं. उलट, डिसेंबरात घरच्या लग्नाला येऊन गेला असाल तर ते दिवस मिळवायचे.

एका दिवसाने काय होतं ते मी भोगलंय. २०१८ साली लंडनला गेले तेव्हा तिकिटावर तारीख होती २९ सप्टेंबर, विमान पहाटे दोनचं. सहारला टी-२ वर आई-बाबांना दारातच निरोप दिला, सामान दिलं आणि इमिग्रेशनच्या रांगेतून सुटले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. म्हणजे शिक्का २८ तारखेचा, दिवस १८१, मी अनिवासी. रिटर्न भरून देणाऱ्या सल्लागारांनी मात्र माझ्याकडून फक्त तिकीट मागवलं आणि १८२ दिवस धरून मला रहिवासी ठरवलं. लंडनचा सहा महिन्यांचा पगार भारतातल्या उत्पन्नात धरला, त्यावर तिथे कापलेल्या कराची सवलतही मागितली नाही. मी विश्वासाने कर भरून मोकळी झाले. नंतर एका मैत्रिणीने पासपोर्टचं ते पान बघून सांगितलं, तेव्हा कुठे सुधारित रिटर्न भरलं आणि पैसे परत मिळाले. म्हणून सांगते, तिकीट नाही, शिक्का बघा.

तुमचे दिवस १९५च भरले असं धरून पुढे. रहिवासी म्हणजे जगभरातलं उत्पन्न भारतात दाखवायचं, ऑक्टोबर ते मार्चचा म्युनिकचा पगारसुद्धा. घाबरू नका, दोनदा कर भरायला लागू नये म्हणूनच भारत-जर्मनी करार आहे. जर्मनीत त्या पगारावर भरलेल्या कराचं क्रेडिट इथे मिळतं, पण तिथला कर आणि इथला कर यांत जो कमी तेवढंच. वरचा फरक भारत परत देत नाही. तिथे पेन्शन आणि आरोग्यविम्यासाठी जी वर्गणी कापतात ती कर नव्हे, ती यात धरू नका.

क्रेडिटसाठी रिटर्नबरोबर फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा. त्याला कराचा पुरावा लागतो, आणि खरी कटकट इथेच आहे, कारण जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबर एका जर्मन वर्षात, जानेवारी ते मार्च पुढच्या. पहिल्या तीन महिन्यांसाठी कंपनीकडून वर्षअखेरीचा दाखला मिळेल, पुढच्या तीनसाठी पगारपत्रकं जपा. २०२५चं जर्मन रिटर्न जमल्यास आधी उरकून घ्या. वर्षातले तीनच महिने कमाई झालेली असल्याने थोडा परतावा निघू शकतो, आणि परत आलेल्या कराचं क्रेडिट मागता येत नाही. त्या रिटर्नमध्ये जानेवारीपासूनचा भारतातला पगारही विचारतील. त्यावर जर्मनी कर लावत नाही, पण तुमचा दर ठरवताना तो मोजते. फॉर्म १६ आणि पे-स्लिप हाताशी ठेवा.

युरोचे रुपये गुगलवर बघून करू नका. स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट (बँक परकीय चलन ज्या दराने विकत घेते तो) लागतो, तोही पगाराच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. ऑक्टोबरच्या पगाराला ३० सप्टेंबरचा.

फॉर्म आयटीआर-२. परदेशात खातं असल्यामुळे आयटीआर-१ चालणारच नाही. त्यात परदेशी मालमत्तेचं एक परिशिष्ट आहे, शेड्यूल एफए. म्युनिकचं बँक खातं तिथे दाखवायचंच, मग त्यात दोनशे युरो असोत. हे परिशिष्ट ३१ डिसेंबर २०२५ला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचं असतं, मार्चअखेरचं नाही. हे टाळू नका. काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट दिली आहे, पण दाखवण्याची जबाबदारी सुटलेली नाही.

कोणी म्हणेल, कराराप्रमाणे तुम्ही ऑक्टोबरपासून जर्मनीचे रहिवासी, तिथला पगार इथे करमुक्त. तो मार्ग आहे, पण त्याला जर्मन कर कार्यालयाचा रहिवासाचा दाखला लागतो आणि युक्तिवाद करावा लागतो. चांगल्या सीएशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

बँकेचा हिशेब वेगळा. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडलात त्याच दिवशी तुम्ही अनिवासी झालात. म्हणजे बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्यायला हवं. एकाच वर्षात प्राप्तिकराला रहिवासी आणि बँकेला अनिवासी, ही विसंगती वाटते, पण दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत.

फ्लॅटचं लक्षात ठेवा, कारण इथे तुमचा भाडेकरू अडकतो. २०२५-२६मध्ये तुम्ही रहिवासी, त्यामुळे भाडं महिना ५० हजारांच्या आत असेल तर त्याला भाड्यातून कर कापायचा नाही. १ एप्रिल २०२६पासून तुम्ही अनिवासी व्हाल (गणपतीला दोन आठवडे येऊन गेलात तरी). मग त्याने रकमेची मर्यादा न बघता ३१.२ टक्के कापून भरायचे. बिचाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि नोटीस त्याला येते. लीव्ह अँड लायसन्सचं नूतनीकरण आता करणार असाल तर त्यातच तुमचा दर्जा लिहून टाका. कापलेलं जास्त असेल तर रिटर्न भरून परत मिळतं.

शेवटची मुदत ३१ जुलै २०२६. रिटर्न १९६१च्या जुन्या कायद्याखालीच जाईल, नवा कायदा १ एप्रिल २०२६पासूनच्या उत्पन्नाला. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायची आणि आधारचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. माझं सिम रिचार्जअभावी बंद पडलं होतं, शेवटी नेटबँकिंगने पडताळणी करावी लागली. तुमचं चालू आहे ना, आजच बघा. परतावा हवा असेल तर एनआरओ खातं प्राप्तिकराच्या पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट (आधीच तपासून मंजूर) करून ठेवा.

एप्रिल २०२५ ते मार्च २०२६मधल्या बाहेर जाण्या-येण्याच्या शिक्क्यांच्या तारखा इथे लिहा, नाव-नंबर काही नको. दिवस मोजून सांगते.