वाचक विचारतात: कारवानी कुत्रा, त्याचा कागद आणि त्याची प्रकृती

"मुधोळ" म्हणून पिल्लू घेतलं. आता दुसरा एक जण म्हणतो, हा कारवान आहे, मुधोळ नाही. मला फसवलं का? कागद कुठला घ्यायचा? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

एवढ्यावरून फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. दख्खनच्या पठारावरच्या या लांब पायांच्या, खोल छातीच्या, नजरेने सावज हेरून धावणाऱ्या कुत्र्याची नोंद दोन संस्था दोन नावांनी करतात. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला 'कारवान हाउंड' म्हणते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांच्या जाती नोंदवायला घेतल्या, तेव्हा राजापालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर याच कुत्र्याची नोंद मुधोळ हाउंड या नावाने केली. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी झालर असेल तर लोक त्याला 'पश्मी' म्हणतात.

सलुकी आणि ताझी हे याचे पश्चिम आणि मध्य आशियातले भाऊबंद. व्यापारी तांडे आणि फौजांबरोबर तिकडचे कुत्रे दख्खनमध्ये आले आणि इथल्या हवेत, इथल्या माळावर मुरले, असं मानलं जातं. आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जात निगुतीने सांभाळली. पाचव्या जॉर्जला त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचं सांगतात आणि तेव्हापासून मुधोळ हे नाव रूढ झालं. 2005 साली टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे.

नावापेक्षा आईबाप महत्त्वाचे. पिल्लू घेताना दोघांचे नोंदणी क्रमांक, त्यांच्या मायक्रोचिपचे 15 आकडी क्रमांक आणि त्या वेताच्या नोंदणीचा कागद मागा. "कागद मागून पाठवतो" असं ऐकू आलं, तर कागद नाही असंच समजा. कागद नसला म्हणून कुत्रं वाईट ठरत नाही, पण मग कागदाची किंमत मोजू नका. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साधारण 68 ते 72 सेंमी, मादी 64 ते 68 सेंमी भरते. आई प्रत्यक्ष दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवा.

आमच्या कुत्र्याच्या बरगड्या दिसतात. दूध-भाकर भरपूर देतो, तरी अंगी लागत नाही. (समुद्रपूर, जि. वर्धा)

शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडाची टोकं दिसणं या जातीत बरोबरच आहे. त्याला गावठी कुत्र्यासारखं भरवलं, तर सांध्यांवर भार येतो. मात्र पाठीचे मणके एकेक मोजता येत असतील आणि मांडीचं मांस उतरलं असेल, तर आधी जंत आणि रक्त तपासा. दूध-भाकरीत प्रथिनं कमी पडतात आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, हगवण लागते. 25 किलोच्या कुत्र्याला दिवसाला ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी, पाव किलो शिजवलेली बिनहाडाची कोंबडी, एक अंडं आणि चमचाभर तेल एवढं पुरतं. रोज धावणाऱ्याला थोडं वाढवा. शिजलेलं हाड द्यायचं नाही, ते फुटून आतड्याला टोचतं.

हे खाणं दोन वेळेत विभागा. धावण्याआधी तासभर आणि धावल्यानंतर दोन तास पोटभर देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटात हवा भरून पोट पीळ खातं. पोट ढोलासारखं ताठ, ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, कुत्रं बेचैन: हे दिसलं की सकाळची वाट पाहू नका. काही तासांत जीव जातो.

नाकातून रक्त येतं, ताप आहे, खात नाही. उन्हाचं आहे असं सगळे म्हणतात. (मंगरुळपीर, जि. वाशीम)

ऊन नव्हे, आधी गोचीडताप डोक्यात आणा. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड अर्लिकिया नावाचे जंतू रक्तात सोडते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात आणि नाकातून रक्त येतं, हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठतात. रक्ताची तपासणी करून घ्या. गोचीड बॅबेसिया नावाचे रक्तातले परजीवीही पसरवते, त्यात लघवी गडद होते, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट पडतात, आणि त्याचं औषध वेगळं आहे.

अर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन, किलोला 10 मिग्रॅ रोज, 28 दिवस. म्हणजे 22 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 220 मिग्रॅ, डॉक्टर सांगतील तसं एका किंवा दोन वेळेत. चार दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळी बंद करतात. आजार उलटण्याचं हेच मोठं कारण आहे. गोळी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकली तर भाजते. वर खाणं द्या, पाणी पाजा. दुधातून देऊ नका, औषध कमी शोषलं जातं. तापासाठी माणसाचं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका: पोटात व्रण होतात आणि प्लेटलेट कमी असताना त्यातून रक्तस्राव होतो.

इथे एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. ग्रेहाउंडसारख्या धावत्या जातींत निरोगी कुत्र्याच्याही प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात आणि लाल पेशींचं प्रमाण जास्त, 50 ते 60 टक्के, असतं. म्हणून अशा कुत्र्याचं प्रमाण 38 वर आलं, तर इतर कुत्र्यांच्या तक्त्यात ते चालण्यासारखं दिसतं, पण त्याच्यासाठी ती रक्तक्षयाची खूण असू शकते. थायरॉइडचा आकडाही यांच्यात मुळातच कमी असतो. नुसत्या आकड्यावरून थायरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत. कारवानीच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगा: कुत्रं निरोगी असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा, पुढे तुलना त्याच्याशीच करता येते.

गोचीड अंगावर थोडी, भिंतीत जास्त. मादी रक्त पिऊन गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याबरोबर जागेवरही फवारा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करा. भेगा मातीने किंवा सिमेंटने बुजवा. पऱ्हाटीवर फवारायचं औषध कुत्र्याला लावू नका. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांनी लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं आणि श्वास कोंडतो. फवारणी झालेल्या वावरात कुत्रं शिरलं आणि अशी लक्षणं दिसली, तर भरपूर पाण्याने अंग धुवा, हातात मोजे घाला आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. उताऱ्याचं ॲट्रोपिन लवकर मिळालं तरच उपयोग.

मादीची नसबंदी करायची आहे. या कुत्र्यांना भुलीची बाधा होते, हे खरं का? (अचलपूर, जि. अमरावती)

भुलीच्या काही औषधांची होते. थायोपेंटोन हे जुनं औषध चरबीत जाऊन शरीरात पसरतं. या कुत्र्याच्या अंगावर चरबी फार थोडी आणि यकृतही ते सावकाश मोडतं, त्यामुळे मात्रा बरोबर असली तरी कुत्रं तासन् तास उठत नाही. डॉक्टरांना आधी जात सांगा आणि थायोपेंटोन टाळायची विनंती करा. प्रोपोफॉलसारखे पर्याय आहेत. वजन अंदाजे नको, काट्यावर करा. खाणं 8 ते 12 तास आधी बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. कातडी पातळ असल्याने शुद्धीवर येईपर्यंत अंग गार पडतं, हिवाळ्यात खाली गोणपाट आणि वर घोंगडी हवी.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हुसकायला कारवानी सोडतो. काही अडचण? (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

मोठी अडचण आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणं आणि हाकणंही येतं. ससा असो की रोही, कुत्रं मागे सोडलं तर गुन्हा मालकावर. पिकाच्या नुकसानीसाठी वनविभागाकडे लगेच अर्ज करा. तुमच्या भागात वाघ-बिबट आहेत, त्यामुळे रात्री कुत्रं बांधून, बंद जागेत ठेवा. रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्ही लसी दरवर्षी द्या. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार कुत्र्याकडून वाघाला होऊ शकतो.

धावायची हौस मोकळ्या माळावर, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत भागवा. कुत्र्याच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सियसवर गेलं तर साधं पाणी ओतून पंखा लावा, बर्फ नको, 39.5 ला थांबा आणि दवाखान्यात न्या. धावल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटलेत आणि मूत्रपिंडं धोक्यात आहेत: त्याच दिवशी सलाइन लागेल.

तालुक्यातल्या आम्ही दहा-बारा जणांनी कारवानीचा क्लब काढायचं ठरवलंय. सुरुवात कशी करू? (दिग्रस, जि. यवतमाळ)

आनंदाची गोष्ट आहे. सात सदस्य असले की 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, त्यासाठी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. पण प्रदर्शनं आणि ढाली यांच्याआधी वही काढा. प्रत्येक कुत्र्याचं पान: मायक्रोचिप, आईबाप, आजे-पणजे, जन्मतारीख. प्रत्येक वेताचं पान: किती जन्मली, किती मेली, कशाने, कुठल्या नराचं अंड वर अडकलं, कुणाला फिट आली. प्रत्येक मृत्यूचं वय आणि कारण. नावडती नोंद गाळणारा क्लब काही पिढ्यांत जात बिघडवतो.

भाऊ-बहीण किंवा बाप-लेक जोडल्यास पिल्लांत रक्ताचा जवळपणा 25 टक्के होतो, सावत्र भावंडांत 12.5. वाचायला थोडं वाटतं, पण त्यातून पिल्लं मरतात, माज चुकतो, वेत लहान होतं. त्याहून घातक म्हणजे ढाल जिंकलेला एकच नर सगळ्या मादींना लावणं: दहा वर्षांनी तालुक्यात सगळी सावत्र भावंडं उरतात. एका नराच्या किती वेतांना मान्यता द्यायची याची मर्यादा पहिल्याच बैठकीत ठरवा आणि लातूर, सोलापूर, मुधोळकडून नातं नसलेला नर आणायला वर्गणी काढा. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय लावू नये, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नको, हे तर नियमातच आहे. जोडीआधी दोघांची ब्रुसेला तपासणी करा, कारण या रोगाने गर्भ पडतो आणि तो माणसालाही लागतो. नमुना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासता येईल का, हे तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून आधी विचारून घ्या.