कोकम सोड्याचा कॅन पर्यावरणपूरक कसा करता येईल?

तुम्ही विचारलंय, दापोलीला कोकम सोडा कॅनमध्ये भरून विकायचा आहे, तर आणखी पातळ किंवा खास 'ग्रीन' कॅन मिळतो का. माझा रत्नागिरी जिल्ह्यात भंगाराचा धंदा आहे, म्हणजे तुमचा कॅन रिकामा झाला की माझ्यासारख्याकडेच येणार. त्या बाजूने सांगतो.

पत्र्याच्या नादी लागू नका. कॅनवाल्यांनी तो आधीच घटवत आणलाय. बाजूचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, आख्खा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन १३-१४ ग्रॅमचा. तुमच्या हातात आहे ते लेबल.

कॅनवर थेट छपाई हवी तर ऑर्डर लाखाच्या घरात द्यावी लागते. लहान धंद्याला ते परवडत नाही, मग कोरे कॅन घेऊन वर प्लॅस्टिकची स्लीव्ह गरम हवेने आवळतात. दिसते झकास. पण आमच्याकडे ब्लेडने उभी चीर देऊन ती सोलावी लागते, आणि एका कॅनचे मिळतात किती, की कोणी सोलत बसावं? असा माल बाजूला पडतो, भाव उतरतो. तसाच भट्टीत गेला तर प्लॅस्टिक जळून काळा धूर. त्यापेक्षा अर्ध्या घेराचं कागदी लेबल लावा. थंड कॅनला पाणी सुटून ते थोडं सुरकुतेल, सुरकुतू दे.

कॅन परत येतो की नाही, यावरच बाकी सगळं आहे. आपल्याच मंडणगड-दापोलीकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, बॉक्साइटच्या खाणी आहेत; ॲल्युमिनियम त्याच दगडातून काढतात, तिथला उकरलेला डोंगर तुम्ही पाहिला असेलच. किलोभर नवं ॲल्युमिनियम करायला चार-पाच किलो बॉक्साइट लागतं आणि नुसत्या वितळकामाला १४-१५ युनिट वीज, तीही आपल्या देशात मुख्यतः कोळशाची. जुना कॅन वितळवायला नव्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा पुरते.

मात्र किनाऱ्यावरून येणारा माल बघाल तर कपाळाला हात लावाल. आत वाळू, सिगारेटची थोटकं, तळाशी पेयाचा चिकटा, आणि वर पायाने चेपलेला. चेपला की वाळू-पाणी आतच अडकतं. ओला माल वितळलेल्या धातूत पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन भट्टी उडते; म्हणून वितळवणारे ओल्या मालाला हातच लावत नाहीत. तुम्ही ज्या खानावळींना, होमस्टेला माल द्याल त्यांना सांगा, कॅन चेपू नका, पालथे घालून निथळू द्या, वेगळ्या गोणीत टाका. भांडी-खिडक्यांच्या ॲल्युमिनियममध्ये मिसळला तर तो ओतकामाला जातो, त्याचा पुन्हा कॅन होत नाही. माल पोचवणारा तुमचाच टेम्पो रिकामा परतताना या गोण्या आणू शकतो. जमलं तर बाटलीसारखं कॅनमागेही डिपॉझिट ठेवा. जर्मनीत २००३ पासून कॅनवर २५ सेंट घेतात, कॅन परत दिला की पैसे परत.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. आपल्या कोकमात आंबटपणाही आहे आणि मीठही, आणि ही जोडी ॲल्युमिनियमला खाते. म्हणून कॅनला आतून पातळ लेप दिलेला असतो; त्यात सुईच्या टोकाएवढी जागा उघडी राहिली तरी तिथून भोक पडतं, आणि खोक्यात एक गळला की शेजारचे चिकट होतात. फुकट गेलेला कॅन कितीही 'ग्रीन' असला तरी काय कामाचा? मोठी ऑर्डर देण्याआधी कॅनवाल्याला तुमच्या पाककृतीचा नमुना द्या, काही महिने भरून ठेवून तपासायला सांगा. लेप बीपीए नसलेला मागा; बीपीए हे अशा लेपांत वापरलं जाणारं, तब्येतीला घातक मानलेलं रसायन. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी आणली, त्यामुळे तसे लेप बाजारात आहेत.

आणि विक्री दापोली-गुहागरपुरतीच असेल तर कॅन कशाला? काचेची बाटली धुऊन पुन्हा भरा. ती जड असते, पण तेवढ्या अंतरात परत आणणं परवडतं. मुंबई-पुण्याला माल जायला लागला की मग कॅनचं बघा.